खिशांतलें पिस्तूल

आमच्या मराठी भाषेंत गुप्ती नांवाचा एक शब्द आहे. वरून पाहावें तर हातांतील साधी काठी, आणि मूठ फिरवून ओढावी तर आंतून लखलखीत पातें बाहेर यावें, अशा या वस्तूला आमच्या पूर्वजांनीं दिलेलें हें नांव मोठें यथार्थ आहे. तलवार, भाला, पट्टा हीं शस्त्रें मिरविण्याचीं. दसऱ्याच्या दिवशीं त्यांस झेंडूचीं फुलें वाहावीं व एरव्हीं दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगावीं. गुप्ती, बिचवा व वाघनखें यांची जात मात्र निराळी. प्रतापगडाच्या पायथ्याशीं १६५९ सालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत चढविलें होतें व बोटांत वाघनखें दडविलीं होतीं, हें प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असतें. परंतु तो प्रसंग एका दिवसाचा होता. रोज सकाळीं न्याहारी उरकून, बोटांत वाघनखें चढवून, मग बाजारहाट करावयास निघणारा मनुष्य आमच्या बखरींत आम्हांस तरी कोठें भेटलेला नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा मनुष्य जागोजाग भेटतो. भेटतो म्हणजे काय, तो आपल्या शेजारीं रांगेंत उभा असतो आणि आपणांस त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागूं नये हाच तर त्या सर्व खटाटोपाचा हेतु. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं तीन आठवडे राहिलों होतों. त्या मुक्कामांत या जमातींत दाखल होण्याच्या बेतांत असलेला एक सज्जन आम्हांस अगदीं जवळून पाहावयास मिळाला. तो सज्जन म्हणजे आमचा यजमानच.

या गृहस्थाला आम्हीं बी. कॉम.च्या पहिल्या वर्षास इंग्रजी गद्य शिकविलें होतें. त्यानंतर तो अमेरिकेस गेला, बारा वर्षें एका कंपनींत हिशेबनीस होता, आणि पुढें कायम वास्तव्याचें पत्र हातीं पडल्यावर त्यानें पेट्रोल पंपाला लागून असलेलें एक लहानसें किराणा दुकान घेतलें. रात्रीं अकराला दुकान बंद करून, दिवसाची रोकड पिशवींत घालून तो एकटाच मोटारीपर्यंत चालत जाई. ऑक्टोबरांत दोन चौक पलीकडच्या एका दुकानदारास चोरट्यांनीं असाच रात्रीं गांठला. जीव वांचला, परंतु डाव्या कानानें ऐकूं येणें बंद झालें. तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्याची झोंप उडाली होती. आम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशीं, रात्रीं जेवणें झाल्यावर, तो आम्हांस म्हणाला, "सर, एक पिस्तूल घ्यायचें आहे. लहान पाहिजे, कपड्यांत दिसतां कामा नये, आणि खिशाला झेपेल असें पाहिजे. बाकी मला कांहीं कळत नाहीं. तुम्ही बरोबर चला."

खिशाला झेपेल! एका शब्दांत त्यानें दोन्ही अटी सांगून टाकल्या हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. आमच्यांतील भाषेच्या मास्तराच्या मात्र आलें. आम्हांसच बरोबर कां नेतोस असें विचारतां तो म्हणाला, "ज्याला विचारावें त्याचें या विषयावर ठाम मत असतें. तुमचें नाहीं." ही आमची योग्यता! आणि तींतहि एक गोम होती. व्हिसावर गेलेल्या पाहुण्यानें बंदूक वा पिस्तूल बाळगूं नये, हातींसुद्धां धरूं नये, असा त्या देशाचा मध्यवर्ती कायदा आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडल्यास. आमच्या विद्यार्थ्यालाहि नोकरीच्या व्हिसावर होता तोंवर हाच नियम लागू होता. म्हणजे कॉलेजांतल्या एन. सी. सी.च्या काळीं ०.२२ च्या रायफलीनें चार-दोन गोळ्या झाडल्या त्यानंतर शस्त्राशीं संबंध न आलेले आम्ही, ज्या वस्तूला स्पर्श करण्याचीहि आम्हांस मुभा नाहीं तिच्या खरेदींत सल्लागार म्हणून निघालों.

हिंदुस्थानांतील वाचकास हा 'लहान आणि स्वस्त' असा प्रश्नच मुळीं चमत्कारिक वाटेल. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रजांनीं या देशाच्या हातांतील शस्त्र काढून घेतलें, आणि त्याविरुद्ध काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांतून ठराव होत राहिले. स्वराज्य आल्यावर १९५९ चा कायदा झाला. परंतु परवान्याची खिंड रुंद झाली नाहीं, व ती झाली नाहीं हें बरेंच झालें असें आमचें मत आहे. दिल्लींतील डिसेंबर १९१२ चा बाँब इतिहासजमा झाला. परंतु त्याच नगरींत डिसेंबर २०१२ मध्यें एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ च्या जानेवारींत खास स्त्रियांकरितां 'निर्भीक' नांवाचें अर्धा किलो वजनाचें ०.३२ चें रिव्हॉल्व्हर काढलें. किंमत होती सुमारें सव्वा लाख रुपये! जिला रात्रींच्या बसनें घरीं जावें लागतें तिला तें परवडणार नव्हतें, आणि जिला तें परवडणार ती बसनें जात नव्हती. टेक्ससमधील गोष्ट याच्या उलट. तेथें १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षांवरील व कायद्यानें अपात्र न ठरलेल्या मनुष्यास पिस्तूल जवळ बाळगण्यास परवानाहि लागत नाहीं. तीनशें डॉलरांच्या आंतबाहेर नवें पिस्तूल मिळतें. तेव्हां निवडीचा प्रश्न तेथें खरोखरीच पडतो.

दुकान शहराबाहेरच्या हमरस्त्यावर होतें. एका बाजूस मासे धरण्याचे गळ, दुसऱ्या बाजूस तंबू व कंदील, आणि मधल्या कांचेच्या कपाटांत आपल्याकडे सराफाच्या दुकानीं अंगठ्या मांडाव्यात तशीं पिस्तुलें मांडलेलीं. कपाटामागचा वृद्ध विक्रेता मोठा अदबशीर होता. आम्हीं हात पाठीमागें धरलेले पाहून त्यानें कारण विचारलें व तें ऐकतांच कौतुकानें मान डोलविली. मग त्यानें आमच्या विद्यार्थ्यापुढें हिरव्या कापडावर पहिलें पिस्तूल ठेविलें.

तें रूगर कंपनीचें, २००८ पासून निघणारें, ०.३८० चें. रिकामें असतां वजन सुमारें पावणेतीनशें ग्रॅम, म्हणजे हल्लींच्या मोठ्या मोबाइलाहून थोडेंसेंच जड. लांबी जेमतेम पांच इंच. पोटांत सहा काडतुसें व नळींत एक. विजारीच्या खिशांत घातलें तर रुमाल ठेवला आहे असें वाटावें. आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. त्यानें किंमत विचारली, तीहि झेपण्यासारखी होती. येथें पांच मिनिटांत काम उरकणार असें आम्हांस वाटूं लागलें. परंतु विक्रेता खरा जाणकार निघाला. तो म्हणाला, हें पिस्तूल जवळ बाळगायला फार सुखाचें आहे, आणि झाडायला तितकेंच दुःखाचें. पलीकडे चांदमारीची जागा आहे, भाड्यानें घेऊन पाहा आणि मग बोला.

खिशांत मावणाऱ्या पिस्तुलाची हौस कांहीं आजची नव्हे. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर हा कारागीर गेल्याच्या मागल्या शतकांत अशीं तळहाताएवढीं पिस्तुलें करी. त्याच्या नांवांत 'र' एकच. नक्कल करणाऱ्यांनीं तो दुहेरी केला आणि इंग्रजी कोशांत तेंच चुकीचें रूप सामान्यनाम होऊन बसलें. १८६५ च्या एप्रिलांत वॉशिंग्टनच्या नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन यांचा घात झाला तो असल्याच एका पिस्तुलानें. लपविण्याच्या सोयीचा उपयोग प्रत्येक वेळीं भल्याच माणसास होतो असें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यापुढें जें ठेविलें होतें त्याचें काडतूस जॉन ब्राउनिंग या यूटाच्या यंत्रपंडितानें १९०८ सालीं आणलेलें. स्वस्ताईची परंपरा मात्र इतकी प्रतिष्ठित नाहीं. १९६८ च्या कायद्यानें परदेशचीं लहान व हलकीं पिस्तुलें आयात होणें बंद झालें, तेव्हां कॅलिफोर्नियांतल्या कांहीं कारखान्यांनीं जस्ताच्या मिश्रधातूचीं ओतीव पिस्तुलें काढून ती जागा भरून काढली. त्यांना लोकांनीं 'सॅटरडे नाइट स्पेशल' असें कुत्सित नांव दिलें. आतांचीं स्वस्त पिस्तुलें त्या मानानें कितीतरी चांगलीं आहेत, परंतु 'स्वस्त' या विशेषणाला त्या व्यापारांत अजून थोडा वास येतो खरा.

चांदमारीच्या जागीं आम्ही कानांवर टोपणें घालून कांचेमागें उभे राहिलों. आमच्या विद्यार्थ्यानें आधीं एक मोठें पिस्तूल घेतलें, पोलिसांच्या कमरेला असतें तसें. सात यार्डांवरच्या कागदावर त्याच्या पांचहि गोळ्या लागल्या, नि तो लहान मुलासारखा आमच्याकडे वळून हंसला. मग त्यानें तें चिमुकलें पिस्तूल घेतलें. पहिल्या बाराला त्याची मूठ वर उडाली. दुसऱ्याला त्यानें डोळे मिटलेले आम्हीं स्वतः पाहिले. सात गोळ्यांपैकीं कागदास लागल्या दोन, त्यांतली एक कोपऱ्यास. बाहेर आला तेव्हां तो अंगठ्याचें मूळ चोळीत होता.

यांत त्याच्या हाताचा दोष नव्हता. न्यूटनचा नियम पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकावयाचा तो असा अंगठ्यानें शिकावा लागला इतकेंच. गोळी पुढें जातांना पिस्तुलाला मागें ढकलते. पिस्तूल जड असेल तर तें तो धक्का पुष्कळसा स्वतः पचवितें, हलकें असेल तर हाताला देऊन टाकतें. मूठ लहान, म्हणून करंगळीला जागा नाहीं. नळी आखूड, म्हणून नेम धरण्याच्या पुढच्या व मागच्या खुणा जवळजवळ, आणि त्यांतली केसभर चूक कागदावर चार बोटें होते. शिवाय पहिलें काडतूस नळींत आणण्याकरितां वरचा सरकता भाग मागें ओढावा लागतो, आणि पिस्तूल जितकें लहान तितकी त्याची स्प्रिंग बहुधा ताठ. म्हणजे ज्याच्या मनगटांत जोर कमी, तो हलकें शस्त्र पाहूं जातो, आणि हलकें शस्त्र त्याच्याच मनगटाची अधिक परीक्षा घेतें. पैशाच्या बाजूनेंहि असाच पेंच. ०.३८० चें काडतूस सामान्यतः ९ मिलिमीटरच्या काडतुसाहून महाग पडतें, कारण त्याचा खप कमी. पिस्तूल स्वस्त पडलें म्हणून जो संतोष होतो तो सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या डबीला विरून जातो. आणि मग पुष्कळजण सराव सोडून देतात, पिस्तूल तेवढें खिशांत राहतें.

येथें आमच्या मनांत जें आलें तें आम्हीं विद्यार्थ्यास बोलून दाखविलें. तूं ही वस्तु तलवार घ्यावी तशी घेतो आहेस. ती जोड्यासारखी घ्यावयास हवी. तलवारीची परीक्षा लढाईंत होते. जोड्याची रोज होते. देवाच्या दयेनें तुला हें शस्त्र जन्मांत एकदांहि उपसावें लागणार नाहीं, परंतु वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस तें अंगावर वागवावें लागेल, रोज रात्रीं काढून कोठें तरी ठेवावें लागेल. तो हंसला व म्हणाला, "सर, रात्रीं कुठें ठेवायचें हें घरीं गेल्यावर निघणारच आहे."

आणि तें निघालें. त्याची पत्नी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत परिचारिका आहे. तिनें वाद घातला नाहीं, आवाज चढविला नाहीं. भाजी चिरतां चिरतां एकामागून एक प्रश्न विचारले. बंदुकीच्या दुकानांत कोणीं विचारले नसतील असे ते प्रश्न होते. "मुलगी सहा वर्षांची आहे. तुझ्या खिशांतलीं नाणीं, चाव्या, गोळ्या-चॉकलेटें सगळीं तीच काढते. त्या खिशांत तूं हें ठेवणार?" नंतर, "मंदिरांत जातांना काय करशील? तिच्या शाळेंत?" नंतर, थोडें थांबून, "आणि गेल्या वर्षीं दुकान तोट्यांत होतें तेव्हां तूं तीन महिने कसा होतास, तें मला आठवतें." या शेवटच्या वाक्यावर खोलींत कोणी बोललें नाहीं. आम्हांस त्याचा अर्थ उलगडण्यास थोडा वेळ लागला. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदूक-पिस्तुलांनीं ४८ हजारांवर माणसें मेलीं, त्यांत निम्म्याहून अधिक आपल्याच हातानें मेलेलीं होतीं. चोराच्या भीतीनें आणलेलें शस्त्र चोर येण्याची वाट पाहत घरांतच बसलेलें असतें, आणि घरांत माणसांच्या मनाचे दिवस सारखे नसतात. ती बाई हें रोज पाहत होती. आम्हांस तें केवळ आंकड्यांवरून ठाऊक होतें.

खिशाची तिची शंकाहि पोकळ नव्हती. २०१४ च्या डिसेंबरांत आयडाहो संस्थानांत एका दुकानामध्यें दोन वर्षांच्या बालकानें आईच्या पर्शींतलें पिस्तूल हातीं घेतलें, आणि ती आई तेथेंच मरण पावली. पर्स पिस्तुलाकरितांच बनविलेली होती, निराळा कप्पा असलेली. जाणते लोक म्हणून सांगतात कीं, लहान पिस्तूल नुसतें खिशांत टाकूं नये; चाप पूर्ण झांकणारें होल्स्टर हवें, त्या खिशांत दुसरी वस्तु नको, आणि शरीरावरून उतरलें कीं तें कुलपांत गेलें पाहिजे. म्हणजे त्याचें म्यान आलें, पेटी आली. आम्हीं जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन हिशेब मांडला. हिशेबनिसाच्या घरीं इंग्रजीच्या प्राध्यापकानें हिशेब मांडावा हेंहि एक नवल! तीनशेंचें पिस्तूल, होल्स्टर, घट्ट पट्टा, कुलपाची पेटी, एका दिवसाचा शिकवणीवर्ग, सरावाचीं काडतुसें असें धरतां बेरीज सहाशेंच्या पुढें गेली. त्यानें मनांत चारशें धरले होते.

त्याला मग आणखी आठ दिवस लागले. मधल्या काळांत २०१८ मध्यें निघालेलें सिगचें ९ मिलिमीटरचें पिस्तूल त्यानें हाताळलें. चिमुकल्याहून किंचित् मोठें, पोटांत दहा काडतुसें, हातांतहि बरें बसणारें. परंतु किंमत दुप्पट. ०.२२ चें घ्यावें, धक्का नाममात्र, असेंहि कोणीं सुचविलें. परंतु त्या काडतुसाच्या कडेला असलेली दारू कधीं कधीं पेट घेत नाहीं, ही तक्रार जुनीच आहे. शेवटीं त्याची दृष्टि एका जुन्या पांच गोळ्यांच्या पोलादी रिव्हॉल्व्हरवर स्थिरावली. ०.३८ चें, वजन अर्ध्या किलोहून थोडें अधिक, निळा मुलामा कडेला झिजलेला. त्यांत ओढावयाचा भाग नाहीं. चाप ओढला कीं फिरता गोल फिरतो व बार उडतो. चापाची ओढ लांब व जड, तीच काय ती त्याची सावधगिरी. पोलाद असल्यामुळें धक्का सोसवतो. आणि मध्यें फुगीर असल्यामुळें खिशांत लपत नाहीं, पट्ट्याला लावून वरून सदरा सोडावा लागतो. पांचच गोळ्या, आणि पुन्हां भरावयास वेळ लागतो, हा त्याचा उणेपणा विक्रेत्यानें आपण होऊन सांगितला. विद्यार्थ्यानें कागदावर त्या पांचांपैकीं चार लावल्या. केंद्र सरकारचा छापील अर्ज भरला, त्यावर सही केली; त्याच्या पूर्ववृत्ताची चौकशी दूरध्वनीवरून झाली, आणि आमच्या पेल्यांतील कॉफी निवण्यापूर्वीं होकार आला. पुण्यांत स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी मिळण्यास आम्हांस याहून फार अधिक काळ लागला होता.

पत्नीनें मात्र एक अट घातली होती, व ती त्यानें मुकाट्यानें मान्य केली. दुकान अकराऐवजीं नऊला बंद व्हावयाचें, आणि रोकड दुपारीं चारला, भर उजेडांत, बँकेंत जावयाची. धंद्याचें थोडें नुकसान होईल असें तो म्हणाला. ती म्हणाली, "होऊं दे." आम्हांस राहून राहून वाटे कीं, ही अट ऑक्टोबरांतच निघाली असती तर कदाचित् तें रिव्हॉल्व्हर कांचेच्या कपाटांतच राहिलें असतें. परंतु आम्ही पाहुणे. तें आम्ही बोललों नाहीं. आणि दोन चौक पलीकडच्या त्या दुकानदाराच्या कानाची गोष्ट आमच्याहि कानांत होतीच.

पहिल्या आठवड्यांत तो तें बाळगूं लागला, आणि जग त्याला पाट्यांनीं भरलेलें दिसूं लागलें. टेक्ससमध्यें दुकानदारास आपल्या दारावर ३०.०६ या कलमाची पाटी लावून लपविलेल्या शस्त्रास मज्जाव करतां येतो. शाळेंत बंदी. ज्या खानावळीचें एक्कावन टक्के उत्पन्न मद्यापासून होतें तेथें बंदी, तिची निराळी लाल पाटी. मग तें मोटारींत ठेवावें, तर मोटारी फोडून चोरलेलीं पिस्तुलेंच चोरांच्या हातीं पडतात. मंगळवारीं तो औषधाच्या दुकानाच्या दारावरून परत फिरला. शुक्रवारीं बँकेच्या दारांत थांबून त्यानें सगळ्या पाट्या दोनदां वाचल्या, आणि मागचा मनुष्य खोळंबला म्हणून त्याची क्षमा मागितली. त्याचें चालणेंहि बदललें होतें. उजवा हात शरीरापासून जरा दूर राही, खुर्चींत बसतांना तो पाठ भिंतीकडे करी, आणि खालीं वांकून कांहीं उचलावयाचें झाल्यास कमरेंतून न वांकतां गुडघ्यांत वांके.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशीं, रविवारीं, सगळे फिरावयास निघालों. जानेवारीची सकाळ, बोचरा वारा होता, आम्हीं तर कानाला मफलर गुंडाळला होता. मुलगी बापाचा हात धरून चालली होती. तिनें वर पाहिलें व विचारलें, "बाबा, तूं हल्लीं शर्ट बाहेर कां सोडतोस? आधीं तर आंत खोचायचास."

"उकडतें ग," तो म्हणाला.

तिनें त्याच्या अंगांतील लोकरी कोटाकडे पाहिलें, मग आईकडे पाहिलें. आई पुढें पाहून चालत होती.